मदत हवी आहे: २१४७४८३६४७ मूळ आहे हे दाखवताना ८ कुठून येतो?

नमस्कार मंडळी, गेले चार दिवस एकाच संख्येत अडकलोय. २१४७४८३६४७, म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हाताने आकडेमोड करून दाखवलं होतं आणि मला ते पायरी पायरीने समजून घेऊन स्वतः करायचंय, प्रोग्राम उत्तर क्षणात देतो पण त्यात मजा नाही.

वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे. तिथपर्यंत मूळ संख्या चार हजारांच्या वर आहेत, पण ऑयलरने फक्त २४८क+१ आणि २४८क+६३ (क म्हणजे पूर्ण संख्या) याच रूपातल्या तपासल्या. ६३ सोडून अशा संख्याच मुळात ३७२ भरतात!

अर्धं जमलं. समजा प या मूळ संख्येने भाग गेला, तर २ च्या ३१ व्या घाताची बाकी १. ३१ मूळ आहे म्हणून फर्माच्या छोट्या प्रमेयावरून (प ने भाग न जाणाऱ्या संख्येच्या प-१ व्या घाताला प ने भागलं तर बाकी १) प-१ ला ३१ ने भाग जातो, आणि प विषम, म्हणजे ६२ नेही. आता ३२ व्या घाताची बाकी २ आली, आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्याचा वर्ग, म्हणजे कुठल्यातरी वर्गाची बाकी २ येते. इथून लगेच "म्हणून प ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७" असं सगळीकडे लिहिलेलं असतं. का??

करून पाहिलं, २३ ला ५ चा वर्ग २५, बाकी २. १७ ला ३६, बाकी २. १३ ला सगळ्या वर्गांच्या बाक्या काढल्या: १, ४, ९, ३, १२, १०. २ नाहीच. नियम खरा दिसतो, कारण कळत नाही. प्लीज कोणीतरी सोपं करून सांगा.

प्रतिसाद:
२३ च घ्या. २, ४, … २२ चा गुणाकार म्हणजे २ चा ११ वा घात गुणिले १ ते ११ चा गुणाकार. आता ११ च्या वरच्या सहा संख्या २३ मधून वजा करा, ११, ९, ७, ५, ३, १ मिळतात, प्रत्येकीमागे एक उणे चिन्ह. उरलेल्या सम धरून पुन्हा १ ते ११ च झाले! सहा उणे म्हणजे अधिक, म्हणून २ च्या ११ व्या घाताची बाकी १. १३ ला वरच्या तीनच, ८, १०, १२, म्हणून ६ व्या घाताची बाकी उणे १. २ जर वर्गाची बाकी असती तर फर्माप्रमाणे अधिक १ च आली असती. ८क+१ ला अशा वरच्या संख्या २क, ८क+७ ला २क+२, आणि ८क+३ व ८क+५ ला २क+१, म्हणजे विषम.

मूळ धागाकर्ता:
खूप खूप आभार! ३१ वर करून पाहिलं, १६ ते ३० मधल्या सम संख्या आठ, म्हणजे उणे चिन्हंही सम, आणि ८ चा वर्ग ६४, बाकी २. आता ६२ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या ६३, १२५, १८७, २४९ ला ८ ने भागलं तर बाकी ७, ५, ३, १, मधल्या दोन गळतात आणि २४८ तिथूनच येतो. २४९ ला ३ ने भाग जातो, तेव्हा ३११ पासून भागायला सुरुवात करतो.