पोटुशी बाईवरचा ताण आणि बाळ – अनुभव धागा

गरोदर बाईला ‘आनंदी राहा हो’ असं सांगणाऱ्यांची कोकणात वानवा नाही. नवरा बोटीवर नाहीतर मुंबईला, घरात कर्ज, दारू, मारहाण, कधी पोलीस आणि कोर्टकचेरी. सल्ला मात्र तोच. म्हणून रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत या बायकांसोबत काम करणाऱ्यांना मुद्दाम बोलावलं आहे. ताण बाळापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो आणि त्या वाटेवर कोणी काय करायचं, तेवढं लिहा. स्वतःच्या कहाण्या नकोत, आणि बाईची ओळख कळेल असं तर काहीच नको.

स्त्रीरोगतज्ज्ञ, रत्नागिरी

वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात, एक एन्झाइम असतं. आईच्या रक्तातून येणारं बरंचसं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, ते बाळाकडे जाण्याआधीच निकामी करतं. ताण महिनोन्‌महिने राहिला, त्यात जंतुसंसर्ग किंवा उपासमारीची भर पडली, की त्याचं काम मंदावतं आणि बाळाला एरवीपेक्षा जास्त कॉर्टिसॉल मिळतं. दुसरी वाट सीआरएच या हार्मोनची. मेंदूत कॉर्टिसॉल वाढलं की सीआरएच उतरतं, वारेत मात्र उलट चढतं, आणि ते लवकर चढलं तर कळाही लवकर येऊ शकतात. म्हणून ३७ आठवड्यांआधीची प्रसूती आणि अडीच किलोच्या आतलं वजन अशा बायकांत जास्त दिसतं. जास्त म्हणजे प्रत्येकीला नव्हे, हे तिला पहिल्याच भेटीत सांगा. नाहीतर ताणाचाही ताण होतो.

पोट थांबून थांबून दगडासारखं होणं, कंबर भरून येणं, पाण्यासारखं जाणं, यांना ‘टेन्शनने होतंय’ म्हणून घरी बसवू नका. २४ ते ३४ आठवड्यांत खऱ्या कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसं तयार करणारं डेक्सामेथासोन ६ मिग्रॅ स्नायूत, दर १२ तासांनी, एकूण ४ डोस. हे औषध वारेतल्या त्या एन्झाइमला फारसं जुमानत नाही, म्हणून तर बाळाच्या फुप्फुसांपर्यंत पोचतं. पहिला डोस प्राथमिक आरोग्य केंद्रातच द्यायचा आणि मोठ्या रुग्णालयाकडे गाडी काढायची. चारही डोस पुरे होईपर्यंत तिथेच थांबवून ठेवणं ही नेहमीची चूक.

आशा सेविका, गुहागर तालुका

‘ताण आहे का?’ विचारलं तर ‘नाय गो’ हेच उत्तर येतं. सासू ओटीवरच असते ना! म्हणून वजन करायला आत न्यायचं किंवा परसात बोलायचं, आणि सरळ रोजचंच विचारायचं. बाय, रात्री जाग आली तर परत झोप लागते का? घरात शेवटी कोण जेवतं, आणि तेव्हा आमटी उरते का? फोन वाजला की छातीत धस्स होतं का? यातली दोन उत्तरं काळजीची आली तर पुढची भेट महिन्यावर नाही ठेवायची, आठवड्यावर आणायची, आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या सुरक्षित मातृत्वाच्या तपासणीला सोबत जायचं.

समुपदेशक, जिल्हा रुग्णालय

आशाताईंच्या प्रश्नांनंतरची पायरी नैराश्य पारखणाऱ्या एडिनबर्ग प्रश्नावलीची. १० प्रश्न, सगळे मागच्या ७ दिवसांबद्दल, गुण ० ते ३०. १३ किंवा वर आले तर डॉक्टरांकडून पुरी तपासणी. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. त्यावर शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्या दिवशी तिला एकटीला घरी पाठवायचं नाही. वाचता न येणाऱ्या बाईला प्रश्न वाचून दाखवा, पण उत्तर नवऱ्यासमोर घेऊ नका. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे. आधीपासून चालू असलेली नैराश्याची गोळी ‘बाळाला नको’ म्हणून घरच्यांनी परस्पर बंद केलेली असते. तसं करू नये, डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावं.

बालरोगतज्ज्ञ, चिपळूण

जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बर्फाचं वादळ झालं आणि कित्येक घरांची वीज आठवडेच्या आठवडे गेली. तेव्हा पोटात असलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. भाषा आणि आकलन यांच्यावर जो फरक दिसला तो आईला किती वाईट वाटलं यापेक्षा तिने प्रत्यक्ष किती सोसलं, म्हणजे किती दिवस अंधार, किती हाल, याच्याशी जास्त जुळला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोली, मंडणगडने हेच भोगलं. तेव्हा ‘मन घट्ट कर’ सांगण्याआधी घरावर पत्रे चढवा, तिच्या डोक्यावरची पाण्याची कळशी उतरवा.

ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ मध्ये गरोदर असलेल्या हजारो बायकांच्या पाहणीत, शेवटच्या महिन्यांत खूप चिंतेत असलेल्यांच्या मुलांत वागणुकीच्या तक्रारी दुपटीच्या आसपास निघाल्या. तरीही त्यातली बहुसंख्य मुलं ठणठणीतच होती. उलट बाजूही ध्यानात घ्या. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत ज्यांचा गर्भ पहिल्या महिन्यांत होता ती बाळं जन्मताना वजनाला बरी होती, आणि तरी मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. वजनकाट्यावर तीन किलो दिसले म्हणजे विषय संपला असं नाही.

विधी सेवेतली वकील, अलिबाग

तुरुंगात वरच्या सगळ्या वाटा एकाच वेळी उघड्या असतात. झोप नाही, माणूस जवळ नाही आणि पुढचं काही ठाऊक नाही. यातलं कायद्याने जेवढं कमी करता येतं तेवढं करायचं.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे. कैदेतली बाई गरोदर असल्याचा संशय आला की जिल्हा सरकारी रुग्णालयात तपासणी करून कितवा महिना, तब्येत कशी आणि प्रसूतीची संभाव्य तारीख नोंदवायची. शक्यतो प्रसूती तुरुंगाबाहेर, त्यासाठी तात्पुरती सुटका. आतच झाली तरी जन्मस्थान म्हणून तुरुंग लिहायचा नाही, फक्त त्या वस्तीचा पत्ता. जन्मनोंद २१ दिवसांत होते. तो कागद नातेवाइकांनी तेव्हाच वाचून बघावा, दाखला हातात आल्यावर दुरुस्तीला हेलपाटे पडतात.

जामिनाचा अर्ज नववा लागायची वाट बघत ठेवू नका. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, तारीख दाखवणारी सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, रक्तदाब, आणि डॉक्टरांचं पत्र: किती आठवडे, जोखीम कोणती, पुढच्या तपासण्या केव्हा. ती राहणार कुठे आणि तिथून प्रसूतीचं रुग्णालय किती किलोमीटर, हेही लिहा. ‘अर्जदार गर्भवती आहे’ एवढ्या एका ओळीवर भागवलेले अर्ज कमजोर पडतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमली पदार्थांच्या खटल्यातल्या गर्भवतीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला, तोही तुरुंगातल्या वातावरणाचा आई आणि बाळ दोघांवर परिणाम होतो हे मानून. त्याचा आधार घ्या.

स्त्रीला आणि कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नंबर १५१००. कोर्टाची तारीख आणि तपासणी एकाच दिवशी आली तर व्हिडिओवरून हजेरीची विनंती करा, नाहीतर बुडते ती तपासणीच. सावंतवाडीकडची बाई मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात हलवली तर पाचशे किलोमीटरचं अंतर पडतं, भेट मिळत नाही. बदलीला हरकत घ्यायची तर हे कारण लेखी द्या. आणि प्रसूतीच्या कळांत, प्रसूतीवेळी किंवा लगेच नंतर बेड्या नाहीत, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत आहे.

परिचारिका, रायगड

लोहाच्या १८० गोळ्या दिल्या म्हणजे त्या अंगी लागल्या असं नाही. जिथे चहा आणि औषध एकाच वेळेला वाटतात तिथे लोह वायाच जातं. चहापासून तासभर लांब, कॅल्शियमपासून दोन तास, सोबत लिंबू किंवा कोकम-आवळ्यासारखं आंबट. घाबरलेली बाई मळमळतं म्हणून गोळी उशीखाली सारते. जेवणानंतर रात्री द्या, मग टिकते. बाळाची हालचाल मंदावली की ‘झोपलं असेल’ म्हणायचं नाही. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत १० हालचाली मोजायच्या, कमी भरल्या तर त्याच दिवशी रुग्णालय.

बालरोगतज्ज्ञ, चिपळूण (पुन्हा)

जन्मानंतरचं राहिलं. ताणातून आलेलं बाळ बऱ्याचदा दचकतं, चटकन रडतं, लवकर शांत होत नाही. त्याला सगळ्यात जास्त उपयोगी आईचं अंग. बाळाला टोपी, मोजे, लंगोट एवढंच ठेवून दोन स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, पाय बेडकासारखे, डोकं एका कुशीला, हनुवटी किंचित वर. त्यावरून जुनं सुती लुगडं गुंडाळायचं, वरची कड बाळाच्या कानाखाली येईल अशी, पोटावर घट्ट नाही. एका वेळी निदान तासभर, दिवसात ८ तासांपेक्षा जास्त. आई दमली तर बाप, आजी, कोणीही. कमी वजनाच्या बाळाला धुरी-शेगडी नको, न्हाणंही घाईने नको.

आशा सेविका, गुहागर तालुका (पुन्हा)

‘हिचं दूध आटलं’ हे फार लवकर म्हटलं जातं. भीतीने दूध बनायचं थांबत नाही, उतरायचं थांबतं. घरातली गर्दी बाहेर काढा, खांद्याच्या पात्यांमध्ये मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने पाच मिनिटं चोळा, मग हाताने पिळून बघा. बहुतेक वेळा येतं. दिवस-रात्रीत ८ ते १२ वेळा पाजायचं, रात्रीचं चुकवायचं नाही. बाळ ओढत नसेल तर पिळलेलं दूध उकळलेल्या बोंडल्याने द्या. बाळ जागं आणि अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याचं टोक ओठाच्या कडेला टेकवायचं, ओतायचं नाही. ते गिळलं, श्वास घेतला, की मगच पुढचा घोट.