मदत हवी आहे: न दिलेल्या जाहिरातीच्या वसुलीचे फोन, दुकानाचा नंबर उचलायची भीती बसलीय

टॉवेल_सोलापूर
कुणीतरी लवकर सांगा. आमचं टॉवेल-नॅपकिनचं छोटं युनिट आहे, आठ माग. गेले बारा दिवस रोज पाच-सहा फोन येतायत. "तुमच्या फर्मची ऑनलाइन लिस्टिंग केली होती, वर्ष झालं, ११,८०० रुपये बाकी आहेत, आज भरा." आम्ही असली जाहिरात दिलेलीच नाही. परवापासून दुसराच माणूस 'लीगल डिपार्टमेंट' म्हणून बोलतो, वॉरंट घेऊन सोलापूरला येतो म्हणतो. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून येतो. नंबर बदलता येत नाही, सगळ्या व्यापाऱ्यांकडे तोच आहे. हे बंद कसं करायचं?

नवीपेठ_मोबाईल
नंबर कसला आहे ते लिहिलंच नाही. जाहिरातवाल्या कंपन्यांचा १४० ने सुरू होणारा की साधा दहा आकडी? आधी १९०९ ला मेसेज करून डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, लावा. माझ्या दुकानावर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच लावून देतो.

निवृत्त_बँकवाला
वसुली एजंटाला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. नातेवाइकांना फोन करून बदनामी करता येत नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. कोणत्या बँकेचं कर्ज आहे? हप्ते किती थकलेत?

टॉवेल_सोलापूर
काका, कर्ज नाही ओ. बँकेचा एक रुपया थकलेला नाही. जाहिरातीचे पैसे म्हणतायत. नंबर साधे दहा आकडीच आहेत.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड
हे सगळं माझ्याकडे होऊन गेलंय. मी तेव्हा घाबरून 'सेटलमेंट' म्हणून २,३६० रुपये भरले. भरल्यावर आठ दिवस शांत गेले आणि मग दुसऱ्या नावाने, दुसऱ्या वर्षाचे म्हणून फोन सुरू झाले. तुम्ही एक पैसाही देऊ नका, 'निदान निम्मे घ्या' असंही म्हणू नका. निम्मे घ्या म्हटलं की बाकी कबूल केल्यासारखं होतं, त्यावरच ते पुढचं बोलणं ओढतात.

मालक, त्यांना एकच सांगा: जीएसटी नंबर असलेलं बिल मेलवर पाठवा. बिल आलं का तुमच्याकडे?

जुळे_सोलापूर_वकील
पैशाच्या बाकीसाठी थेट वॉरंट निघत नाही. दावा दाखल होतो, कोर्टाचं समन्स येतं, मग तुमचं म्हणणं मांडता येतं. फोनवर वॉरंटची भीती घालून पैसे मागणं हाच गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत ३१८ फसवणुकीचं आणि ३०८ खंडणीचं कलम आहे. पण मला दोन गोष्टी कळायला हव्यात. त्यांना कधी चेक दिलाय का? आणि तुमच्याकडून फोनवर कुणी 'हो' म्हटलंय का?

टॉवेल_सोलापूर
चेक नाही दिला. 'हो'चं सांगायचं राहिलं, मला वाटलं त्याचा संबंध नाही. मागच्या गणपतीत एका मुलीचा फोन आला होता, भाच्याने घेतला. फर्मचं नाव, पत्ता, वेळ बरोबर आहे का विचारलं, तो हो म्हणाला. मग एक ओटीपी आला, तोही त्याने सांगितला. आता तेच रेकॉर्डिंग आम्हाला ऐकवतात.

नवीपेठ_मोबाईल
मग अडचण आहे. रेकॉर्डिंगमध्ये हो म्हटलं म्हणजे करार झाला. आता थोडे कमी करून मिटवून टाका.

जुळे_सोलापूर_वकील
कृपया असे सल्ले देऊ नका, माणूस आधीच घाबरलाय. १८७२ चा करार कायदा आहे. कशाला संमती दिली हे बघावं लागतं. 'पत्ता बरोबर आहे' याला हो म्हणणं म्हणजे ११,८०० रुपयांना हो म्हणणं नव्हे. किंमत सांगितली का, मुदत सांगितली का, हे त्यांनी दाखवायचं. आणि वर्षभर आपण गप्प राहिलो म्हणून मान्यता झाली असंही होत नाही. पूर्ण रेकॉर्डिंग मेलवर मागा. तुकडाच ऐकवत असतील तर का, ते तुम्हीच समजा.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड
आणि डीएनडीचं म्हणाल तर त्याचा इथं काही उपयोग नाही. जे नियम पाळतात तेच डीएनडी बघतात. हे चोर साध्या सिमवरून फोन करतात.

नवीपेठ_मोबाईल
उपयोग नाही कसा? साध्या नंबरवरून जाहिरातीचा फोन आला तरी १९०९ वर तक्रार करता येते. लावून ठेवायला काय जातंय?

शेंगाचटणी_ताई
दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका. डीएनडी लावा, फसवणुकीचा फोन वाटला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' म्हणून तक्रारीची सोय आहे, तिथं नंबर द्या, पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

दादा, माझ्याकडे पॅकिंगला सहा बायका आहेत, फोन कुणीही उचलतं. म्हणून मी फोनच्या वर भिंतीवर कागद चिकटवलाय: नाव-पत्त्याला 'हो' म्हणायचं नाही. ओटीपी कुणालाच नाही. 'मालकीण लेखी मागतात, मेल करा' एवढं बोलून ठेवायचं. शेजारी वही आहे, त्यात तारीख, वेळ, नंबर आणि काय म्हणाला ते लिहायचं. तक्रार करायला गेले तेव्हा ती वहीच कामाला आली, तोंडी काही आठवत नव्हतं. भाच्याला रागावू नका, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पाहुणा_पुणे
जरा विषयांतर. सोलापूरला युनिट आहे म्हणता तर लग्नाच्या आहेरासाठी ४० टॉवेल थेट मिळतील का? इथं सोलापुरी म्हणून विकतात, दोन धुण्यांत रंग जातो.

पूर्वभाग_माग
बाहेरचा माल सोलापूरच्या नावाने विकला जातो हे आमचं जुनं दुखणं आहे. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, तरी बाजारात कोण विचारतंय? त्यावर वेगळा धागा काढायला पाहिजे.

निवृत्त_बँकवाला
मी आधी कर्ज समजून लिहिलं, ते सोडा. आता महत्त्वाचं विचारतो: तो ओटीपी कशाचा होता? भाच्याच्या फोनमध्ये त्या दिवशीचा मेसेज शोधा. नुसता नंबर पडताळणीचा असेल तर ठीक. बँकेचा असेल तर आजच शाखेत जा, खात्यावर कसलं मॅन्डेट किंवा ऑटोपे, म्हणजे पैसे आपोआप कापून घ्यायची परवानगी, लागलंय का बघा आणि असेल तर रद्द करा. गेल्या वर्षाचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचा. लहान रकमा बघा, मोठी आपल्याला लगेच दिसते.

टॉवेल_सोलापूर
मेसेज सापडला, पडताळणीचाच आहे. शाखेत जाऊन आलो. मॅन्डेट नाही, स्टेटमेंटही साफ आहे.

दुपारी त्यांना बिल मागितलं. आधी चिडला, मग व्हॉट्सॲपवर पाठवलं. पत्ता दिल्लीचा आहे, जीएसटी नंबर ०९ ने सुरू होतो.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड
पहिले दोन आकडे राज्याचे. आपले २७, दिल्लीचे ०७. ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. तो नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, फर्मचं नाव कुणालाही दिसतं.

टॉवेल_सोलापूर
बघितलं. नाव वेगळंच आहे, आणि नोंदणी रद्द झालेली आहे. बिलाचा फोटो, बारा दिवसांतले नंबर आणि वॉरंटची धमकी, सगळं तारखेनिशी कागदावर काढलं. चक्षूवर टाकलं, सायबर पोलिसांकडेही अर्ज दिला. संध्याकाळी पुन्हा 'लीगल'वाल्याचा फोन आला, मी त्याला रद्द नोंदणीचं सांगितलं, त्याने फोन ठेवला. उद्या परत येईल कदाचित. ताईंसारखा कागद फोनपाशी लावलाय, भाच्यानेच लिहिला.

ताई, काका, सगळ्यांचे आभार. वडील सत्तरीचे आहेत. वॉरंटचं ऐकल्यापासून ते जेवत नव्हते, आणि आम्हाला न सांगता ११,८०० रुपये मोजून पाकिटात घालून ठेवले होते. आज रात्री त्यांनी ते पाकीट स्वतःहून सुताच्या पैशांत परत ठेवलं.

पुण्याचे पाहुणे, टॉवेलचं व्यक्तिगत निरोपात लिहा.