मदत हवी आहे: जुन्या चित्रपटगृहाच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये वेगवेगळ्या फिल्मसाठी काय काय बसवावे?

नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षे बंद असलेले एकपडदा चित्रपटगृह आमच्या न्यासाने भाडेपट्ट्याने घेतले असून तेथे नाटक आणि संगीतासोबत जुन्या चित्रपटांचे नियमित खेळ सुरू करण्याचा विचार आहे. छत, खुर्च्या आणि ध्वनिव्यवस्था वास्तुविशारद पाहत आहेत. बाल्कनीमागच्या केबिनचा आराखडा ठरवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नवे चित्रपट डिजिटल प्रतीवरच येणार, हे उघड आहे. परंतु एखाद्या संग्रहालयाने किंवा खासगी संग्राहकाने 35 किंवा 16 मिमीची प्रिंट विश्वासाने दिली, तर ती ज्या चौकटीसाठी आणि ज्या वेगासाठी बनली होती तशीच, आणि मुख्य म्हणजे तिला ओरखडाही न पडता, दाखवता आली पाहिजे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

लेन्सपासून पडद्याचे अंतर 30 मीटर आहे. स्कोपचे (सर्वांत रुंद चौकटीचे) चित्र 12 मीटर रुंद, म्हणजे सुमारे 5 मीटर उंच बसते. ही उंची कायम ठेवून बाजूचे काळे पडदे आत-बाहेर सरकवायचे, असे ठरले आहे. अंतराला गेटच्या (फिल्मवरील चित्र ज्या छिद्रातून प्रकाशासमोर येते त्याच्या) उंचीने गुणून चित्राच्या उंचीने भागले की लेन्सचे नाभीय अंतर मिळते. त्या हिशेबाने 35 मिमीच्या 1.85 चौकटीला (रुंदी उंचीच्या 1.85 पट) सुमारे 68 मिमी, 1.66 ला 75 मिमी, जुन्या बोलपटांच्या 1.37 ला 91 मिमी आणि स्कोपला 105 मिमीची लेन्स लागते. यात एक सोय अशी आढळली, की स्कोपच्या लेन्सपुढचा अ‍ॅनामॉर्फिक भाग (फिल्मवर आडवे आकसलेले चित्र पडद्यावर रुंद करणारा) काढून ठेवला तर तीच 105 मिमीची लेन्स सुरुवातीच्या बोलपटांच्या जवळजवळ चौरस, 1.19 च्या चौकटीला जशीच्या तशी चालते, कारण गेटची उंची दोन्हींना सारखीच असते. मूकपटांनाही ती पुरावी. मात्र मूकपटात ध्वनिपट्टीची जागाही चित्रानेच व्यापलेली असल्यामुळे चित्राचा मध्य किंचित बाजूला असतो आणि लेन्सची बैठक तेवढी सरकवता यावी लागते. ही सोय कोणत्या जुन्या यंत्रांत मुळातूनच असते आणि कोणत्या यंत्रांत ती कारागिराकडून करून घ्यावी लागते, हे कोणी सांगू शकेल का?

केबिन बाल्कनीमागे असल्याने प्रकाशझोत तिरपा खाली उतरतो आणि चित्र तळाशी पसरते. त्यामुळे प्रत्येक चौकटीची अपर्चर प्लेट (चित्राची कडा ठरवणारी छिद्राची पट्टी) लहान छिद्राची घेऊन, पडद्यावरची कडा पाहत पाहत कानशीने घासून बसवावी लागेल. हे काम पूर्वी ऑपरेटर स्वतःच करीत. आज ते हाताने करणारी व्यक्ती पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईत उपलब्ध असल्यास कृपया कळवावे.

यंत्रांबाबत माझे मत जवळजवळ पक्के झाले आहे. सगळी रिळे जोडून एकाच मोठ्या आडव्या थाळीवरून चित्रपट चालवण्याची पद्धत सोयीची असली, तरी त्यासाठी प्रत्येक रिळाचे लीडर (टोकांना असलेली चित्रपटाबाहेरची फिल्म) कापून पुन्हा जोडावे लागतात आणि संग्रहालये आपल्या प्रिंटला अशी कात्री लावू देत नाहीत. म्हणून 2000 फुटी रिळे घेणारी दोन सारखी यंत्रे आणि चेंजओव्हर, म्हणजे रीळ संपताना एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाणे, हाच मार्ग उरतो. सेकंदाला 24 चौकटींच्या (फिल्मवरील एकेका चित्राच्या) वेगाने असे रीळ सुमारे 22 मिनिटे चालते. शेवटाजवळ उजव्या वरच्या कोपऱ्यात पहिला ठिपका उमटला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची आणि त्यानंतर सुमारे 7 सेकंदांनी दुसरा ठिपका दिसताच चित्र व आवाज तिकडे वळवायचा. यासाठी केबिनमध्ये पूर्ण वेळ सावध माणूस लागतो, हा खर्च न्यासाने मान्य केला आहे.

मूकपटांसाठी वेग सेकंदाला 16 ते 24 चौकटींमध्ये बदलता यावा लागतो. थ्री-फेज मोटरला फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे उपकरण) जोडून ते साधते. परंतु दोन पात्यांचे शटर (फिरताना प्रकाश अडवणारी चकती) 16 च्या वेगाला सेकंदात 32 वेळाच प्रकाश सोडते आणि चित्र लुकलुकते. तीन पात्यांचे घेतले तर 48 वेळा, म्हणजे बोलपटाइतके स्थिर चित्र मिळते, पण प्रकाश घटतो. शिवाय संथ वेगात प्रत्येक चौकट झेनॉन दिव्यासमोर अधिक काळ थांबत असल्याने उष्णतेचा फिल्टर हवाच. एका यंत्राला कायमचे तीन पात्यांचे आणि दुसऱ्याला दोन पात्यांचे शटर ठेवल्यास चेंजओव्हरला उजेडातील फरक दिसेल. तेव्हा शटर सहज बदलता येणारे यंत्र कोणते?

16 मिमीचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. शाळा-महाविद्यालयांत फिरवली जाणारी 250 वॅटच्या हॅलोजन दिव्याची यंत्रे 30 मीटरवर अगदीच फिकी पडतील. 16 मिमीच्या गेटचे क्षेत्रफळ 35 मिमीच्या जुन्या चौकटीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी असते, त्यामुळे झेनॉन घेऊनही चित्र पूर्ण 5 मीटर उंच नेण्याचा हट्ट धरू नये असे मला वाटते. किनोटॉनचे एफपी 38 सारखे, एकाच यंत्रात 35 आणि 16 दोन्ही चालवणारे मॉडेल वापरलेल्या स्थितीत घेणे शहाणपणाचे ठरेल की 16 मिमीचे यंत्र वेगळेच असावे?

70 मिमीबाबत न्यासात दोन तट आहेत. ज्यांनी मुंबईला मिनर्व्हामध्ये ‘शोले’ पाहिला त्यांना ते हवेच आहे. माझे म्हणणे असे, की आपल्याकडे 70 मिमीत लागलेले बहुतेक चित्रपट मुळात 35 मिमीवर चित्रित करून मोठे केलेले होते, त्या प्रिंटचे रंग आता उडाले आहेत आणि त्यांच्या चुंबकीय ध्वनिपट्ट्यांसाठी स्वतंत्र हेड व अ‍ॅम्प्लिफायरचा संच लागतो. फिलिप्स डीपी 70 किंवा सिनेमेकॅनिका व्हिक्टोरिया 8 अशी 35 आणि 70 दोन्ही घेणारी जोडी वाजवी दरात हाती लागली तर ती नाकारणार नाही, पण तिच्यासाठी तीन पात्यांची शटरे आणि चांगल्या लेन्स यांच्यावर पाणी सोडण्याची माझी तयारी नाही.

नायट्रेटच्या (जुन्या, सहज पेट घेणाऱ्या फिल्मच्या) प्रिंट आम्ही मुळीच घेणार नाही. पुण्यात 2003 साली नायट्रेटच्या साठ्याला लागलेली आग अनेकांच्या स्मरणात असेल. तपासणीच्या टेबलावर मात्र हातरिवाइंडर, स्प्लायसर (फिल्म जोडण्याचे साधन) आणि आकुंचन मोजण्याची पट्टी ठेवणार आहोत; आकुंचन 1 टक्क्याच्या पुढे गेलेली प्रिंट यंत्रावर चढवायची नाही.

आवाजासाठी लाल एलईडीचा रीडर घेतला, तर जुन्या चांदीच्या आणि नंतरच्या सायन (निळसर-हिरव्या) रंगाच्या अशा दोन्ही ध्वनिपट्ट्या त्यावर वाचता येतात. त्यामुळे तेथे मला अडचण दिसत नाही.

खरी अडचण जागेची आहे. केबिन 6 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असून भिंतीत मध्यरेषेच्या दोन बाजूंना प्रोजेक्टरच्या दोनच खिडक्या आहेत. डिजिटलचे विक्रेते आपले यंत्र नेमक्या मध्यावर मागतात, आणि ते तेथे ठेवले की फिल्मची यंत्रे आणखी बाजूला सरकून त्यांचे चित्र आडवेही तिरके होते. डिजिटल यंत्राची लेन्स आडवी सरकवता येते, फिल्मच्या यंत्राला ती मुभा फारच थोडी. म्हणून डिजिटल यंत्र टोकाला ठेवून मध्याजवळची जागा फिल्मच्या जोडीला द्यावी, असा माझा आग्रह आहे. 30 मीटरवर एवढा लेन्स-शिफ्ट प्रत्यक्षात पुरतो का आणि कडेचा फोकस ढासळतो का, हे ज्यांनी करून पाहिले असेल त्यांनी अवश्य लिहावे. भिंत फोडण्याचे आणि यंत्रांचे पाये ओतण्याचे काम पावसाळा संपताच सुरू होईल, तोवर तिसऱ्या खिडकीची जागा गवंड्याला आखून द्यायची आहे.