रामनवमीचं कीर्तन आणि तो ‘तुका म्हणे’

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी, यंदा बुवांना व्हिसा मिळाला नाही, त्यामुळे कीर्तनाला मीच उभा राहतोय. पूर्वरंग (आधीचं अभंगावरचं निरूपण) आणि आख्यान (नंतरची कथा) चॅटजीपीटीकडून लिहून घेतलंय, मसुदा जोडला आहे. उगाच नाकं मुरडू नका. जर्मनीत फ्युर्थच्या चर्चमध्ये जून २०२३ मध्ये जवळजवळ अख्खी उपासना चॅटजीपीटीने रचलेली होती, प्रवचन पडद्यावरच्या संगणकी पात्रांनी दिलं, आणि तीनशेवर माणसं ऐकायला बसली होती.

प्रेषक: काकू (सध्या मुक्काम नाशिक)

मसुदा वाचला. नमन, निरूपण, मध्यंतर, आख्यान, सगळं जागच्या जागी. पण मूळपदाचा, म्हणजे ज्यावर निरूपण करायचं तो अभंग काही ओळखीचा वाटेना. आईची गाथा काढली, सूचीत पहिला चरण शोधला. नाही! साडेचार हजारांवर अभंग पडलेत, तरी यंत्राने स्वतःचा रचून त्याला ‘तुका म्हणे’ चिकटवलं. बरं, यमकही झकास जुळतंय. उद्या आपल्याच शाळेतलं एखादं पोर तो तुकोबांचा म्हणून पाठ करेल.

आणखी एक. परवा काळाराम मंदिराजवळ कीर्तनाला गेले होते. तिथले बुवा सीतास्वयंवर लावणार असं आधीच ठरलेलं. मध्यंतरात हार-बुक्का झाला. समोर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा बसलेला, मुंडण केलेल्या डोक्यावर नुकते खुंट आलेले. बुवांनी त्याच्याकडे पाहिलं, पेटीवाल्याला खुणेने खालची पट्टी मागितली आणि भरतभेट सुरू केली. वडील गेल्याचं रामाला कळतं, तिथे रामकुंडाचं नाव घेतलं. दशरथाचं श्राद्ध रामाने तिथेच केलं, अशी इथली श्रद्धा. पोराने तेव्हा कुठे मान वर केली. हे तुमच्या मसुद्यात कुठे बसवाल?

प्रेषक: कार्यक्रम समिती

अभंगाचं मान्य, लाज वाटली. पण काकू, बुवासुद्धा गुरूच्या वहीतूनच आख्यानं उतरवून घेतात की! साक्या, दिंड्या, आर्या अशी पद्यं, सगळं उसनंच.

प्रेषक: काकू

उसनं खरंच. पण चूक निघाली तर कुणाच्या वहीतली, हे बुवा सांगू शकतात. आख्यान घ्या यंत्राचं, फक्त उभं राहिल्या राहिल्या तसं सांगून टाका. अभंग मी गाथेतून क्रमांकासकट धाडते. आणि हार पडला की कागद खिशात! चिपळ्या माझ्या घरी माळ्यावर आहेत, किल्ली शेजारी. एकीची झांज ढिली झालीय, तारेने आवळून घ्या.