नागपुरात एम.एस्सी. झूऑलॉजी करून न्यूरोसायन्समध्ये जाता येईल का?

संत्रानगरी_झू: नागपुरात एम.एस्सी. झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मेंदूवर पीएच.डी. करायची मनापासून इच्छा आहे. आमच्याकडे मज्जासंस्थेला एकच युनिट होतं. बाबा म्हणतात, आधी बी.एड. करून घे. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप, नाही मिळाली तर दुसरी वाट आहे का? आणि डिझर्टेशन करायचं तरी कशावर? पॅच क्लॅम्प (चेतापेशीतला विद्युतप्रवाह मोजायचं यंत्र) नाही, चांगला मायक्रोस्कोप नाही. ड्रोसोफिलाच्या, म्हणजे फळमाश्यांच्या, बाटल्या आणि एक इनक्युबेटर, एवढंच आहे.

गेटवाला: नेटची तयारी चालू ठेव. जेआरएफचे महिन्याला ३७,००० मिळतात, घरभाडं वेगळं. पण टीआयएफआर आणि एनसीबीएस या संशोधन संस्थांची स्वतःची प्रवेशपरीक्षा आहे, गेटचा लाइफ सायन्सेसचा पेपरही कितीतरी ठिकाणी चालतो. बाबांना हे आकडे दाखव.

रविनगरची_माशीवाली: परीक्षांचं वर आलंच आहे. मी डिझर्टेशनबद्दल लिहिते, कारण मुलाखतीत माझा बहुतेक वेळ त्यावरच गेला. मी नागपुरात झूऑलॉजीच केलं, आता बंगळुरूला पीएच.डी. करते आहे.

ड्रोसोफिला आहे ना, मग तुझ्याकडे पुष्कळ आहे. मी खाद्यात रोटेनोन हे कीटकनाशक मिसळून माश्यांची चढाई मोजली होती. रोटेनोनने डोपामिनच्या चेतापेशी मरतात, म्हणून पार्किन्सनच्या अभ्यासात ते वापरतात. काचेची नळी घ्यायची, तळापासून आठ सेंटीमीटरवर मार्करने रेघ मारायची. नळी टेबलावर आपटली की सगळ्या माश्या खाली पडतात. मग दहा सेकंदांत किती जणी रेघ ओलांडतात ते मोजायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढ आणि कोणती नळी कशाची ते न सांगता मैत्रिणीला मोजायला दे. रोटेनोन ज्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवशील, तेवढंच डीएमएसओ कंट्रोलच्या, म्हणजे रोटेनोन न दिलेल्या माश्यांच्या, खाद्यातही टाक. आणि हातमोजे, मास्क घातल्याशिवाय ती बाटली उघडू नकोस.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला: माशी चढली नाही, म्हणजे मेंदूच बिघडला हे कशावरून? स्नायू थकले असतील, ती उपाशी असेल. खाण्याचं उत्तर माझ्याकडे होतं. खाद्यात निळा रंग घालून दोन्ही गटांच्या पोटातला रंग मी ताडून पाहिला होता. स्नायूंचं उत्तर रोटेनोनने मिळत नाही, कारण ते माशीच्या अंगभर जातं. त्यासाठी गॅल४-यूएएस लागतं, म्हणजे सदोष जनुक फक्त डोपामिनच्या पेशींत चालू करायचं आणि स्नायूंना हातही लावायचा नाही. ही पद्धत १९९३ पासून माशीच्या लॅबमध्ये रोजची आहे. तो प्रयोग मी केलेला नव्हता, पण कसा करीन ते फळ्यावर काढून दाखवलं. तुझी तयारी तिथपर्यंत पोचली पाहिजे. मशीन कुठलं वापरलंस, हे मला कोणी विचारलं नाही.

आणि एप्रिलच्या आत उरक. माश्यांना २५ अंश लागतात. तीसच्या पुढे नर नापीक होतात आणि कल्चर, म्हणजे माश्यांची पैदास, बसतं. आपल्याकडे लाईन गेली की इनक्युबेटर किती वेळात तापतो, तुला माहीतच आहे. थर्माकोलचा डबा आणि पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या तयार ठेव.

संत्रानगरी_झू: ताई, एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. उंदरांसारखी परवानगी घ्यावी लागेल का? आणि लॅबला मेल काय लिहू?

रविनगरची_माशीवाली: माश्यांना प्राणी-नैतिकता समितीची परवानगी लागत नाही. मेलमध्ये "मला मेंदूची आवड आहे" लिहू नकोस, तसे मेल रोज येतात. त्यांच्या पेपरमधली एक आकृती घे, तिच्यावरून पडलेला खरा प्रश्न लिही आणि तुझा चढाईचा ग्राफ जोड. तीन विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिपही भर. आणि फ्लायवायर ही वेबसाइट उघडून बघ: २०२४ मध्ये प्रौढ माशीच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा आला, सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा. तो नागपुरात बसून फुकट पाहता येतो. त्यात डोपामिनच्या पेशी शोध, कोणत्या पेशी कुठे जोडल्यात ते वहीत उतरव.

संत्रानगरी_झू: आज गाइडशी बोलले, माश्यांना हो म्हणाले. बाबांना ३७,००० चा आकडा दाखवला, त्यांनी बी.एड.चा फॉर्म तूर्त बाजूला ठेवलाय. एका नळीत किती माश्या घेऊ?

रविनगरची_माशीवाली: वीस. सगळ्या एकाच वयाच्या, आणि नर-माद्या वेगळ्या. बेशुद्ध करून वेगळ्या केल्यास की त्याच दिवशी मोजू नकोस, एक दिवस जाऊ दे.