सिप्रो म्हणजे विष? जरा दमानं घ्या

मधली_सुट्टी (धागालेखिका):
‘सिप्रोफ्लॉक्सासिन (म्हणजे सिप्रो, जंतुसंसर्गावरचं अँटिबायोटिक) हे विष आहे, घरात असेल तर फेकून द्या’ ही पोस्ट काल चौथ्यांदा आली. एकानेही ती स्वतः वाचली असेल असं वाटत नाही. माझा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता, थंडीने दात वाजत होते. कल्चरमध्ये (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघायची तपासणी) चालणारं औषध निघालं ते हेच. तिसऱ्या दिवशी उठून बसले. विषाने?

धोके आहेत, नाही कोण म्हणतंय. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २००८ मध्येच टेंडनबद्दल (स्नायू हाडाला जोडणारा दोर) काळ्या चौकटीतला इशारा द्यायला लावला. टिझानिडिन या स्नायू सैल करणाऱ्या गोळीबरोबर तर अजिबात घ्यायचं नाही, रक्तदाब धाडकन उतरतो. पण म्हणून विष?

टाचदुखी:
तुम्ही उठून बसलात, आनंद आहे. माझे वडील बसले ते बसलेच. वय ६८, दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू. सिप्रोच्या पाचव्या दिवशी जिना उतरताना टाचेमागे कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. वळून बघतात तर मागे कुणीच नाही. टेंडन तुटला होता. साठीपुढचं वय आणि वर स्टिरॉइड, म्हणजे धोका जास्त, हे त्याच चौकटीत लिहिलंय. आम्हाला कुणी एका शब्दाने विचारलं नाही.
आणि एफडीएचा २०१६ चा इशारा सोयीस्कर गाळलात. साधं सायनस, साधा मूत्रमार्गाचा संसर्ग यांना दुसरं औषध चालत असेल तर हे देऊ नका.

उगाच_एक:
दुधाचं कुणीच बोललं नाही! पोटाला त्रास नको म्हणून मी गोळी दुधाबरोबर घ्यायचो. कॅल्शियम गोळीला धरून बसतं, औषध रक्तात कमी उतरतं. अँटासिड, लोह, जस्त यांचंही तेच: गोळी दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर. आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, जंतू सोकावतात.

चष्मिष्ट:
शेवटचं वाक्य जुनं झालं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याच समजुतीवर लेख आला होता. लवकर थांबल्याने प्रतिरोध (जंतूंनी औषधाला न जुमानणं) वाढतो याला फारसा पुरावा नाही, उलट गरजेपेक्षा जास्त दिवस घेतल्याने वाढतो.

उगाच_एक:
वा! तुम्ही लेख वाचा, लोक उरलेल्या चार गोळ्या डब्यात ठेवून पुढच्या सर्दीला घेतील. सर्दी विषाणूची, तिला सिप्रो काय करणार?

चष्मिष्ट:
मनाने थांबवा असं मी लिहिलंय कुठे? किती दिवस ते डॉक्टर ठरवतील, ‘कोर्स’ नावाचं दैवत नको, एवढंच. वाचता येत असेल तर वाचा.

उगाच_एक:
येतं. चष्म्याशिवाय.

टाचदुखी:
इथे माणसाचा पाय गेला आणि तुम्ही गोळ्या मोजताय.

मधली_सुट्टी:
@टाचदुखी, २०१६ चं मी गाळलं, बरोबर. माझ्या वेळी दुसरं काही चालत नव्हतं म्हणून ते मला टोचलं नाही. स्टिरॉइडचं विचारायलाच हवं होतं, आणि टाच दुखायला लागताच गोळी बंद करून डॉक्टरांना फोन, हेही वर लिहायला हवं होतं. विष मात्र म्हणणार नाही.

टाचदुखी:
नका म्हणू. वडिलांच्या फाइलवर लाल पेनाने मी काय लिहायचं ते लिहिलंय.

मधली_सुट्टी:
कोर्सवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

उगाच_एक:
काढला तर तिथेही हेच म्हणणार.