शब्दचर्चा : कोटीच्या पुढचे शब्द आणि ‘डेम्लो’

प्रश्न : नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या मराठीत वाचायची कशी? आणि हिला ‘डेम्लो’ म्हणतात, तो शब्द कुठला?

उत्तर : व्यवहारात १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ कोटी, ७६ लाख ५४ हजार ३२१. चूक काही नाही, पण दोनदा ‘कोटी’ ऐकून समोरचा गोंधळतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत प्रत्येक स्थानाला स्वतंत्र नाव आहे. त्याप्रमाणे : १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, ९ अर्बुद, ८ कोटी, ७ प्रयुत, ६ लक्ष, ५ अयुत, ४ सहस्र, ३ शत, २ दश, १. (अंत्याच्याही वर मध्य, आणि त्यावर परार्ध!)

आणखी एक : खर्व जपून वापरा. लीलावतीतला खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, हिंदीतला खरब म्हणजे अकरा. अर्बुद तिथे १० कोटी, त्यावरूनच आलेला हिंदी अरब मात्र १०० कोटी. मराठी अब्ज लीलावतीतल्या जागीच राहिला, १०० कोटींवर. हिंदी बातमीतल्या खरबाचं भाषांतर करताना सरळ ‘दहा हजार कोटी’ लिहावं.

डेम्लोबद्दल : शब्द देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’वाले तेच. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवर मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर डेम्लो स्टेशन होतं, म्हणजे आताची डोंबिवली. कल्पना तिथे सुचली म्हणून हे नाव.

उलटसुलट वाचली तरी सारखी ती डेम्लो, असा अर्थ सर्रास घेतला जातो. तो बरोबर नाही. संख्येचे तीन तुकडे करा : डावा, मधला (एकच अंक, कितीही वेळा) आणि उजवा. डावा आणि उजवा मिळवला की मधलाच अंक, हवा तितक्या वेळा, यायला हवा. १६५ मध्ये १+५=६. ४७७७३ मध्ये ४+३=७. दोन्ही डेम्लो, उलटसुलट सारखी एकही नाही. उलट १३१ सारखी आहे, पण डेम्लो नाही. तुमच्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, मध्ये ९. १, १२१, १२३२१ या वर्गांच्या मालिकेला कापरेकर ‘वंडरफुल डेम्लो’ म्हणत.

दहा एकांच्या संख्येचा वर्ग केला की हातच्याने घोळ होतो : १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ डावीकडून गायब. तरी १२३४५६७९० + ९८७६५४३२१ करून बघा, दहा एक परत येतात!

प्रश्नकर्ता : वा! अंकांची बेरीज ८१ येते, म्हणून ८१ ने भाग जातो ना?

उत्तर : भाग जातो, ‘म्हणून’ चुकलं. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. ८१ ने भाग जातो कारण नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो आणि ही तिचा वर्ग आहे. मूळ अवयव : ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग.